वाणात आलेली बाटली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या वहिनींचे. थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी पाचवीत होतो, आई नव्हती, आणि मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात पोरानं शाळा सोडली तर कुणी 'का रे' म्हणूनही विचारत नसे. वहिनींनी विचारलं. नुसतं विचारलं नाही, दप्तर माझ्या गळ्यात अडकवून शाळेच्या दारापर्यंत सोडायला आल्या. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. पण शिकलेल्या माणसावर त्यांची श्रद्धा अशी, की देवाशी त्या कधी भांडल्या असतील, डॉक्टर-मास्तरांशी नाही. "शिकलेलं मानूस खोटं कशापायी बोलंल, भावजी? त्याला काय कमी हाय?" असं त्या म्हणायच्या. पुढं मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तेव्हापासून शिकलेल्याच माणसांत वावरतोय, आणि या बाबतीत वहिनींना खरं काय ते सांगायचा धीर मला बरीच वर्षं झाला नव्हता.

माझी पदवी त्यांच्या तळहातांवर तयार झाली, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ते भाषणातलं वाक्य वाटतं. तसं नाही. वहिनी कडक भाकरी करतात. ज्वारीची, कागदासारखी पातळ, चुलीच्या धगीला उभी करून वाळवलेली. मोडली की कटकन आवाज झाला पाहिजे. दादाच्या ट्रॅक्टरच्या कमाईत घर चालायचं, माझं कॉलेज या भाकरीच्या विक्रीवर चाललं. आज त्यांच्या हाताखाली दोन बायका आहेत. पीठ त्या मळतात, चूल त्या सांभाळतात. थापणं मात्र अजून वहिनींचंच, कारण दुसऱ्या कुणाची भाकरी तितकी पातळ होत नाही आणि दुकानदार ती हातात घेताच ओळखतो.

मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात रंगाच्या प्रयोगशाळेत काम करतो. कुठला रंग किती पाण्यात किती टाकायचा, हे बघणं माझं काम. राहतो विजापूर रोडच्या बाजूला, एका अपार्टमेंटमध्ये. या अपार्टमेंटला अलीकडे शांततेची लागण झाली.

लागण वरच्या मजल्यावरच्या मॅडमपासून सुरू झाली. मॅडम सुखवस्तू, हौशी, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. शनिवार-रविवार त्या पुण्याला गेल्या आणि सोमवारी अरोमाथेरपिस्ट होऊन परत आल्या. प्रमाणपत्र चौकटीत घालून गणपतीच्या शेजारी लागलं. तोपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला ताण नव्हता. म्हणजे कटकटी होत्या, हप्ते होते, सासवा होत्या. पण 'स्ट्रेस' नव्हता. मॅडमनी तो प्रत्येकीला घरपोच दिला, आणि मग त्यावरचं तेलही.

दर बुधवारी त्यांच्या हॉलमध्ये रिलॅक्सेशनचं सेशन व्हायचं. मधोमध एक पांढरं भांडं, त्यातून लॅव्हेंडरची वाफ. भोवती बायका डोळे मिटून. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की मोटारीवरून जी जुंपते ती तिन्ही मजल्यांना ऐकू जाते. सकाळी जिला "तुमची मोटार आधी बंद करा" म्हणून खडसावलं, तिच्याच मांडीला मांडी लावून संध्याकाळी 'मी सगळ्यांना क्षमा करते' असं म्हणायचं. वाफ संपली की क्षमाही संपायची. तळमजल्यावरच्या एका आजोबांना मॅडमनी एकदा लेमनग्रासच्या, म्हणजे आपल्या गवती चहाच्या, तेलाचा बोळा हुंगायला दिला आणि हळुवार आवाजात विचारलं, "काका, कुठं गेल्यासारखं वाटतंय?"

आजोबा म्हणाले, "चहा टाकलाय का?"

मला हसू यायचं, पण वासाला माझा विरोध नव्हता. चांगला वास, बंद डोळे आणि अर्धा तास कुणी हाक न मारणं, या तिन्हींनी माणसाला बरं वाटणारच. माझ्या बायकोच्या रुमालावर लॅव्हेंडरचा एक थेंब असायचा, तो मलाही आवडायचा. प्रश्न थेंबाचा नव्हताच. आमच्या लोकांना थेंब कळत नाही, हा प्रश्न होता. तेल म्हटलं की आपल्याकडे ओंजळ पुढं येते. पाहुण्याच्या डोक्याला तेल लावताना हात आखडला तर 'माया पातळ हाय' म्हणतात. अशा गावात कुणी इतकुशी बाटली आणून ठेवावी आणि तिलाही तेलच म्हणावं, यात पुढचं सगळं आलं.

संक्रांत झाली आणि वहिनी गड्ड्याची यात्रा, सोलापूरची संक्रांतीची मोठी जत्रा, बघायला आमच्याकडे आल्या. त्याच आठवड्यात मॅडमचं हळदीकुंकू होतं. संध्याकाळी पाणी येणार असल्यामुळे त्यांनी ते भर दुपारी ठेवलं. वहिनी जायला लाजत होत्या. "तितं समद्या शिकलेल्या बायका. मी काय बोलू?" बायकोनं त्यांना आपली नवी साडी नेसवली आणि घेऊन गेली. मी कारखान्यात होतो. तिथं काय झालं ते दोघींनी मला सांगितलं. एकीनं हरखून आणि दुसरीनं कपाळाला हात लावून.

मॅडमनी यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले नाहीत. प्रत्येकीला तेलाची एकेक बाटली दिली. इथवर ठीक. पण हळदीकुंकवाला अत्तर लावायची आपली पद्धत. मॅडमना अत्तर जुनाट वाटलं. म्हणून सासूबाईंच्या चांदीच्या अत्तरदाणीत त्यांनी वाणातलंच बर्गमॉटचं तेल ओतलं. लिंबाच्या जातीचं एक परदेशी फळ, त्याच्या सालीचं तेल. नुसतं, निव्वळ, काहीही न मिसळता. आणि येईल त्या सवाष्णीच्या मनगटावर ते चोळलं. आमच्या तीन मजल्यांच्या इमारतीत हे असं घडायला सासूबाईंची अत्तरदाणी आणि पुण्याचं प्रमाणपत्र, दोन्ही लागली. एकट्या सासूबाईंकडून हे झालं नसतं.

वहिनींचा नंबर आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "या तर आपल्या गावाकडच्या पाहुण्या. यांना जरा जास्त लावते." आणि दोन्ही हातांवर, बोटांपासून मनगटाच्या वर चार बोटं, मायेनं चोळलं. वहिनी भारावल्या. एवढी मोठी बाई आपला हात हातात घेते! वाणाच्याही त्यांना दोन बाटल्या मिळाल्या.

तिथून दोघी तडक गड्ड्यावर गेल्या. पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची दुकानं; पदर डोक्यावर आणि हात उन्हात. सोलापूरचं ऊन जानेवारीतही सुट्टीवर जात नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींचे हात लाल झाले. तिसऱ्या दिवशी फोड आले. जिथं जिथं मॅडमची बोटं फिरली होती तिथं तिथं, ओघळासकट, कुणी डाग देऊन नक्षी काढावी तसे. इमारतीतल्या आणखी तिघी-चौघींच्या मनगटांवर असेच चट्टे उठले, ज्या हळदीकुंकवानंतर बाहेर फिरल्या होत्या त्यांच्या. मॅडमनी बिल्डिंगच्या ग्रुपवर लगेच लिहिलं, घाबरू नका, हे शरीरातलं विष बाहेर पडतंय, तेल चालू ठेवा. ज्या घरातच बसून राहिल्या त्यांना काहीच झालं नव्हतं. त्यावरून असं ठरलं, की त्यांच्या अंगात विष कमी होतं. म्हणजे ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचं रक्त शुद्ध, आणि जी बस धरून मोहोळहून आली तिच्या अंगात सगळ्यात जास्त विष.

वहिनींनी हात पदराखाली लपवले होते. मी बघितले तेव्हा त्या त्यांवर पुन्हा तेच तेल चोळत होत्या.

"वहिनी, हे काय करताय?"

"इस निगतंय म्हनं. निगू द्या की सगळं."

"कसलं विष? तुमच्या अंगात विष कुठनं येणार?"

"म्या एवढी वर्सं धुरात बसले, भावजी. आसंल की."

मी त्यांना साबणानं हात धुवायला लावले आणि कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. हात उलटेपालटे करून त्यांनी विचारलं, "काय लावलं होतं?"

"वाण," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी बाटली पुढं केली. त्यांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि मान हलवली. या फळाच्या सालीचं तेल कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते, त्यांनी वहिनींना सोप्या शब्दांत सांगितलं. तेल बंद. मलम लावायचं, हात उन्हापासून झाकायचे, फोड फोडायचे नाहीत, आणि बरे होईपर्यंत चुलीपुढं बसायचं नाही. काळे डाग जायला काही महिने लागतील. "पण पुन्हा हेच लावलंत आणि यात घाण गेली, तर बोटं आखडतील. मग भाकरी विसरा, आजी."

'आजी' म्हटलेलं वहिनींना आवडलं नाही. पण भाकरी विसरायची, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मोहोळला एका लग्नासाठी भाकरींची मोठी मागणी त्यांनी घेतली होती. आणि मागणीचं सोडा. थापता आलं नाही तर दिवसभर आपण काय करायचं, हा विचार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा.

घरी त्यांना सोडून मी बाटली घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. मॅडमनी दार उघडलं. मागून वाफेचा वास आला.

"मॅडम, वहिनींचे हात भाजलेत."

"भाजले नाहीत हो. हीलिंग क्रायसिस म्हणतात त्याला. आधी थोडा त्रास वाढतो, मग आतून क्लीन होतं."

"बाटलीवर छापलंय, थेट कातडीला लावू नका."

"ते कंपनीला लिहावंच लागतं."

"आणि खाली छापलंय, लावल्यावर उन्हात जाऊ नका."

मॅडमना खरोखरच आश्चर्य वाटलं. "पण उन्हात जातं कोण?"

सोलापुरात राहून हा प्रश्न विचारायला मोठी साधना लागते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांनीच कळवळून विचारलं, "तुम्ही किती टेन्स झालायत. एक सेशन घ्याल का?" यावर माणसानं करायचं काय? मी जिना उतरलो. नंतर ग्रुपवर मी डॉक्टरांचं म्हणणं आणि लेबलाचा फोटो टाकला. त्याखाली दोघींनी हात जोडलेली चित्रं टाकली, एकीनं 'पॉझिटिव्ह राहा' असं लिहिलं, आणि मनगटावर चट्टे असलेल्या तिघी-चौघी दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. बुधवारचं सेशन चालूच राहिलं. चट्टेवाल्या लांब बाह्यांचे ब्लाउज घालून गेल्या.

एवढ्यानं प्रश्न मिटला असं मला वाटलं. वहिनींचा स्वभाव मी विसरलो होतो. दोन दिवसांनी बायकोनं मला खूण करून आत बोलावलं. वहिनी खिडकीशी बसून हाताला तेच तेल लावत होत्या.

"वहिनी! डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांचं मलम सकाळी लावलं की. ही म्याडमचं. सांजच्याला."

"दोन्ही?"

"मंग? दोगं बी शिकलेली. एकाचं ऐकलं आन् एकाचं न्हाय, तर ज्याचं न्हाय ऐकलं त्याला खोटं पाडल्यावानी हुतंय. तसं कसं करायचं?"

"अहो, मी पण शिकलेलाच आहे! माझं ऐका."

"तुमी लई शिकलाय, व्हय. पर त्या म्याडम इंग्लिशमदी बोलत्यात."

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मी बाटली मागितली, तर वहिनींनी ती मुठीत धरली. "वाण परत घेत्यात व्हय कुटं? सवाष्णीनं वटीत घातलेलं हाय. टाकलं तर काय म्हनंल ती?" मी दुखऱ्या हातातून बाटली ओढून घ्यायची म्हणजे काय, हे तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही बाटल्या पिशवीच्या तळाशी घालून मोहोळच्या एसटीत बसल्या. मागणी होती, थांबायला वेळ नव्हता.

दादाचा फोन आला. वहिनी भाकरी थापायला बसल्या होत्या, दुपारी अंगणात उन्हात वाळवण बघत होत्या, आणि संध्याकाळी नेमानं तेल लावत होत्या. हात जास्तच सुजला होता. मी फोनवर वहिनींना समजावायला लागलो की त्या "व्हय, व्हय" म्हणत आणि फोन दादाच्या हातात देत. कारखान्यात सुट्टी मिळायला रविवार यावा लागणार होता आणि तोवर वाट बघण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी पत्र लिहिलं आणि मोहोळला जाणाऱ्या कंडक्टरच्या हाती दिलं, दादानं स्टँडवर येऊन घ्यावं म्हणून. ते असं होतं.

वहिनी,

लांबूनच पाया पडतो. फोन तुम्ही दादाकडे देता, म्हणून लिहितोय. हे दुसऱ्याला वाचायला देऊ नका. अक्षर मोठं काढलंय.

तुम्हाला दोघांचाही मान राखायचा आहे, हे मला समजलं. पण डॉक्टर म्हणतात लावू नका आणि मॅडम म्हणतात लावा. ही दोन्ही खरी असणार नाहीत. एकाच चुलीत जाळही घालायचा आणि पाणीही, असं होतंय. आणि भाजतोय तो तुमचा हात, त्या दोघांचा नाही.

शिकलेलं माणूस खोटं बोलत नाही, असं तुम्ही म्हणता. मी त्यांच्यात एवढी वर्षं काढली, म्हणून सांगतो. खोटं बोलतं. जे बोलत नाही ते चुकतं. मॅडम खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच वाटतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. मीसुद्धा चुकतो. म्हणून कारखान्यात माझं माप दुसरा माणूस तपासतो. मॅडमचं माप कुणी तपासत नाही. लोक नमस्कार करून निघून येतात.

ते तेल आपल्या तिळाच्या तेलासारखं नाही. ढीगभर सालींचा अर्क त्या बाटलीत आहे. आपण ठेचा भाकरीला बोटभर लावतो, वाटीभर पीत नाही, तसं. झोपेसाठी वास हवाच असेल तर मी लॅव्हेंडर पाठवीन. रुमालावर एक थेंब, रुमाल उशापासून हातभर लांब. अंगाला लावायचं तर हात पूर्ण बरे झाल्यावर, चमचाभर खोबरेलात एकच थेंब, आणि आधी दंडावर कणभर लावून एक दिवस बघायचं. पोटात काहीही घ्यायचं नाही. शेजारच्या काकूंना दमा आहे, त्यांच्यापुढं बाटली उघडू नका. आणि हे सालीचं तेल तर अंगाला कधीच नाही, खोबरेलात मिसळूनही नाही.

वाण टाकू नका. कापसाच्या बोळ्यावर त्याचे दोन थेंब दादाला टाकायला सांगा आणि बोळा साड्यांच्या ट्रंकेत कोपऱ्यात, कापडाला लागणार नाही असा ठेवा. वाण वापरल्यासारखं होईल, मॅडमचा मान राहील, झुरळं आली तर तीही शांत होतील. बाटल्या लेकरांचा हात पुरणार नाही अशा फळीवर ठेवा.

मला शाळेत घालताना तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं. ते शिक्षण असल्या वेळेला उपयोगी पडावं म्हणूनच होतं ना? नाहीतर मी फुकट शिकलो. मॅडमसारखं इंग्लिश मला येत नाही, पण ती बाटली मला वाचता आली. एवढ्या एका बाबतीत मला त्यांच्यापेक्षा वरचढ समजा आणि ऐका. हात झाका, फक्त मलम लावा, चुलीपासून लांब बसा.

लग्नवाल्यांशी मी बोललो. निम्मी मागणी त्यांनी दुसरीकडे दिली आहे, राग न करता. राहिलेली तुमच्या हाताखालच्या दोघी थापतील, आणि दादा. होय, दादा. मी त्याला सांगितलंय, त्यानं नाही म्हटलेलं नाही. त्याची पहिली भाकरी जाड होईल, कडेला फाटेल, परातीला चिकटेल. तुम्ही शेजारी बसून सांगायचं, हात लावायचा नाही. आणि काही झालं तरी हसायचं नाही. तुम्ही हसलात तर तो उठून जाईल, आणि मग तुम्ही पुन्हा थापायला बसाल.

तुमचा,
धाकटा दीर